कोरमअभावी तहकूब

घटनेच्या कलम चौदानुसार कोरम एकवीस.
आलोत सात.
म्हणून सभा तहकूब, अर्धा तास,
याच जागी, याच विषयपत्रिकेवर,
आणि मग कोरमची गरज नाही, हेही त्याच कलमात.
ज्यांनी घटना लिहिली
त्यांना आपली माणसं ठाऊक होती.

घड्याळात साडेपाच.
खाली भांडी बाजारात कुणीतरी शटर अर्धं ओढतंय.
मी खजिनदार, एकोणीस वर्षं.
कपाट उघडतो, दुसरं करायचं काय.

तांबट व्यापारी मंडळाची पहिली वही मोडीत.
मला ती लागत नाही, आकडे तेवढे लागतात:
दर भट्टीमागे महिना एक आणा,
भट्ट्या एकशे सहा.
कुणी आणा चुकवला की नावापुढे टिंब.
टिंबं फार थोडी.

मग बारा-बारा वर्षांनी सिंहस्थ येतो
आणि वही अंगाने भरते.
गडू, पळ्या, पंचपात्रं,
आणि सीलबंद झाकणाच्या इवल्या गंगाजळ्या.
गोदेला आम्ही गंगाच म्हणतो,
शिल्लकीलाही गंगाजळी.
मधली अकरा वर्षं
मंडळ ती पळीपळीने प्यायचं.

पुराच्या वर्षाची वही फुगून बसलीय,
पानं सुटत नाहीत.
त्या साली आम्ही श्रीमंत होतो की नव्हतो
हे आता कुणालाच सांगता येणार नाही.

स्टील आलं, असं कुठे लिहिलेलं नाही.
लिहिलंय ते एवढंच: सभासद एकशे चाळीस. एकशे अठरा. ब्याण्णव.
‘वर्गणी थकीत’ हा नवा रकाना,
आखताना पट्टी हललेली.
आणि पन्नासाव्या वर्षी प्रत्येक घरी भेट
स्टीलचा डबा, झाकणावर मंडळाचं नाव.
ठराव एकमताने मंजूर.
आमच्या घरी त्यात अजून चहापूड आहे.

बँक बुडाली तेव्हा कायम ठेव होती
दोन लाख दहा हजार.
‘कायम’ हा शब्द मी तेव्हापासून
पेन्सिलीने लिहितो.

त्याच साली लग्नाकार्यांना भाड्याने जाणारे
सोळा हंडे, चार घंगाळी डेड स्टॉकमधून कमी केली.
घेणारा आपलाच, समेळांचा रघुवीर.
काटा त्याने बोटाने झुकवला,
आमच्या बाजूने,
आणि मी दुसरीकडे पाहिलं.
पहिली वही मोडीत,
शेवटचे हंडेही मोडीत.

येणे बाजूला एक ओळ अजून आहे:
दत्ताराम लांजेकर, मठारकामाच्या हातोड्यांसाठी उचल,
रुपये एक हजार एकशे एक्कावन्न.
लांजेकर सातपूरला कारखान्यात लागले,
रिटायर झाले, गेले.
ऑडिटची नवी मुलगी म्हणते, काका,
हे बुडीत खाती टाका ना, ताळेबंद स्वच्छ दिसेल.
दिसेल.
मी दर एकतीस मार्चला ती ओळ
मागील पानावरून पुढे ओढतो.
व्याज लावत नाही.

आता म्हणे तांब्याच्या बाटल्यांना मागणी आहे,
तब्येतीसाठी.
वडक्यांची नात मोबाइलवर विकते, मुरादाबादचा माल,
ठोके मशीनचे, सगळे एका मापाचे.
तिला वर्गणीचं पत्र टाकलं होतं.
तिने उलट विचारलं, क्यूआर कोड आहे का?
विषय क्रमांक सहा तोच आहे.

सहा वाजले.
आलोत सातच, एक झोपलेला.
मी वाचतो: जमा, खर्च,
तूट चार हजार दोनशे सहा.
कुणी हरकत घेत नाही, सूचक करडे,
अनुमोदक म्हणून झोपलेल्याचं नाव लिहितो.

चहाचे सत्तर रुपये करड्यांनी खिशातून दिले.
देणगीत दाखवू तर पावती फाडावी लागेल
आणि पावतीपुस्तक संपलंय.
खर्चात दाखवू तर तूट वाढते.
मी पेन हातात धरून
कपांच्या तळाशी उरलेल्या चहाकडे बघतो.
करडे म्हणतात, राहू दे रे,
लिहू नकोस कुठे.